सासरे म्हणतात ते फूल काढ, ऑफिसात सगळ्यांनी लावलंय, मी काय करू?

पत्र:

ताई, नमस्कार. आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो, मी, नवरा आणि चौथीतला मुलगा. नोव्हेंबर जवळ आला की इथे ज्याच्या त्याच्या कोटावर लाल कागदी फूल दिसायला लागतं, पॉपी म्हणतात, युद्धात मेलेल्यांच्या आठवणीसाठी. आमच्या ऑफिसच्या रिसेप्शनला डबा असतो, त्यात पैसे टाकायचे आणि फूल घ्यायचं. मी इतकी वर्षं घेत आले, खरं सांगायचं तर कधी फार विचार केला नाही. यंदा सासू-सासरे आलेत. सासरे साताऱ्याकडे हायस्कूलला इतिहास शिकवायचे. माझ्या कोटावर फूल दिसलं तसे एकदम म्हणाले, "ज्यांनी आपल्यावर दीडशे वर्षं राज्य केलं त्यांच्या शिपायांसाठी तू अफूचं फूल लावून हिंडतेस?" सासूबाईंचं वेगळंच, मेलेल्यांच्या नावाचं फूल सवाष्णीने अंगावर घालू नये. नवरा म्हणतो एवढंसं ते फूल, लाव नाहीतर नको लावू, विषय संपव. पण माझा विषय संपत नाहीये. ऑफिसातली एक मैत्रीण पांढरं फूल लावते, ती म्हणते लाल लावणं म्हणजे युद्धाचा उदोउदो. आता शाळेतून चिठ्ठी आलीये की घरातलं कोणी युद्धात होतं का ते मुलांनी सांगायचंय. माझे स्वतःचे पणजोबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेले आणि परत आलेच नाहीत एवढं मला माहितीये, माहेरी कोरेगावला पेटीत एक गोल जाड मेडल आहे त्यावर बाई आणि सिंह आहे. पण त्यांचं नाव मला सांगता येत नाही, आजी होती तोवर विचारायचं राहिलं. मी ते फूल लावू का नको? आणि आपलं असं काही फूल नाही का?
— कोटावरच्या फुलात अडकलेली

उत्तर:

अगं, आधी उत्तर सांगते म्हणजे तुझा जीव टांगणीला नको. लाव. पण पणजोबांचं नाव शोधून मग लाव, आणि सासऱ्यांनाही ते पटलंच पाहिजे असा हट्ट धरू नकोस कारण ते जे बोलतायत त्यातलं बरंचसं खरं आहे. आता सविस्तर बोलू.

पेटीतल्या त्या मेडलपासून सुरुवात करते, कारण मला वाटतं तुझ्या प्रश्नाची गाठ तिथेच आहे आणि तू ते पत्रात शेवटी एका ओळीत उरकलंयस. तू वर्णन करतेस त्यावरून ते मेडल नाहीये. पहिल्या महायुद्धात जो माणूस गेला त्याच्या घरी ब्रिटिश सरकार कांस्याची एक चकती पाठवायचं, साधारण १२ सेंटिमीटरची, हातात घेतली की चांगली जड लागते. त्यावर ब्रिटानिया म्हणजे त्यांच्या देशाचं प्रतीक असलेली बाई, तिच्यापुढे सिंह, दोन बाजूंना दोन डॉल्फिन आणि कडेने इंग्रजीत कोरलेलं, की हा स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला. त्या बाईच्या हातात पानांचं कडं आहे, ते तिने एका छोट्या चौकटीवर धरलंय, आणि त्या चौकटीत गेलेल्या माणसाचं नाव. नुसतं नाव. हुद्दा नाही, पलटण नाही, आणि ते मुद्दाम तसं केलेलं, म्हणजे मोठा साहेब असो नाहीतर साधा शिपाई, मेल्यावर सगळे सारखे. ही अक्षरं वरून ठोकलेली नसतात, चकतीबरोबर ओतलेली उठावाची असतात, त्यामुळे शंभर वर्षांनी सुद्धा बोट फिरवलं की कळतात.

म्हणजे तू म्हणतेस पणजोबांचं नाव माहीत नाही, आणि नाव माहेरच्या पेटीत पडलंय. आजच माहेरी फोन कर. भाऊ, वहिनी जे कोणी घरी असेल त्यांना सांग की चकती खिडकीशी धरा, उजेड एका बाजूने तिरपा पडू दे आणि मग फोटो काढा, अक्षरं वर उठून दिसतील. आणि कळकळीने सांगते, कोणाला पितांबरी लावून लखलखीत करायला देऊ नकोस, घासून घासून उठाव झिजतो. आपल्याकडे अशा किती चकत्या भंगारात गेल्या असतील, कोणाला काय माहीत होतं ते काय आहे, घरच्या बाईला वाचताही येत नव्हतं आणि नवरा तर गेलेला.

आता ही चकती एवढी मोलाची का, ते बसऱ्याचं ऐकलं की कळेल.

१९१४ च्या शेवटी जी फौज आपल्याकडून बोटीने इराकमध्ये उतरली, तेव्हा त्याला मेसोपोटेमिया म्हणायचे, ती होती सहावी पूना डिव्हिजन. नावच पुण्याचं. त्यात १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी होत्या. बसरा घेतलं, मग नदीच्या कडेकडेने वर वर सरकत पार बगदादच्या तोंडाशी पोचले, तिथे १९१५ च्या नोव्हेंबरात जबर मार खाल्ला आणि मागे हटून कुट नावाच्या गावात शिरले. ७ डिसेंबर १९१५ ला तुर्कांनी वेढा घातला तो २९ एप्रिल १९१६ पर्यंत. धान्य संपलं, घोडे आणि खेचरं कापायची वेळ आली, आपल्यातल्या कित्येकांनी आधी घोड्याचं मांस तोंडाला लावलं नाही, भाजी मिळेना म्हणून आजार पडले, शेवटी सुमारे १३,००० माणसं शरण गेली. आणि मग त्या कैद्यांना उन्हातून वाळवंटातून चालवत नेलं, त्यात आणि पुढे छावण्यांमध्ये हजारो मेले. वेढा फोडायला बाहेरून जी फौज येत होती त्यातले मेले ते वेगळेच. तुझे पणजोबा नेमके कुठे गेले ते शोधल्याशिवाय कळणार नाही, पण सातारा जिल्ह्यातला माणूस आणि बसरा म्हटल्यावर मी यातल्याच एखाद्या पलटणीकडे आधी बघेन.

तर त्या मेसोपोटेमियाच्या लढाईत जे गेले आणि ज्यांची कबर नाही की दहनाची जागा माहीत नाही, त्यांच्यासाठी बसऱ्याला एक मोठं स्मारक बांधलं, ४०,००० हून जास्त माणसांचं. तिथे ब्रिटिश शिपायांची नावं दगडात कोरली. हिंदुस्थानी अधिकाऱ्यांची कोरली. आणि आपल्या साध्या शिपायांची? पलटणीचं नाव आणि खाली आकडा. इतके शिपाई. बस. स्मारकांचं काम बघणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने २०२१ मध्ये स्वतःच अहवाल काढून मान्य केलं की आशिया आणि आफ्रिकेतल्या निदान ४५,००० माणसांना गोऱ्यांच्या बरोबरीने स्मरलं गेलं नाही, आणि माफी मागितली. शंभर वर्षांनी. मला अजूनही त्याचा राग येतो आणि तो यावाच असं मला वाटतं.

म्हणजे बघ, दगडावर जिथे नाव असायला हवं तिथे बहुतेक नसणार आणि ते कोरेगावला पेटीत आहे. म्हणून म्हणते, तू फूल लावलंस तर ते राजाराणीसाठी नाही आणि ऑफिससाठी पण नाही, ते त्या एका माणसासाठी, ज्याला दगडावर जागा दिली नाही. त्याची पणती त्याच देशात नोकरी करते आणि कोटावर फूल टाचून त्याचं नाव सांगते, यात मला तरी गुलामी दिसत नाही.

आता सासऱ्यांचं. ते इतिहासाचे मास्तर, त्यांना वरवरचं काही सांगून चालणार नाही, आणि सांगूही नकोस. त्या चकतीवर लिहिलंय स्वातंत्र्यासाठी मेला, आणि ज्या देशातून तो गेला त्या देशाला स्वातंत्र्य नव्हतं. शिपायाचा पगार महिना ११ रुपये. पाऊस न झालेल्या गावात महिन्याला रोख ११ रुपये म्हणजे घर चालतं, म्हणून गेले बहुतेक, राजावर प्रेम म्हणून नव्हे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानी फौजेतले दहा लाखाहून जास्त लोक समुद्रापार गेले, ७४,००० च्या आसपास मेले, आणि बदल्यात काय मिळालं तर १९१९ मध्ये रौलट कायदा आणि जालियनवाला बाग. हे सगळं बाबा म्हणत असतील तर मान खाली घालून ऐक, कारण खरं आहे.

पण बाबांना एक विचार. लोकमान्य टिळकांनी त्याच काळात आपल्या तरुणांना सैन्यात जा म्हणून सांगितलं होतं, अट एवढीच की बरोबरीने वागवा, अधिकारपदं द्या, स्वराज्याचं बोला. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईत युद्ध परिषद झाली तिथे टिळक हेच बोलायला लागले तर गव्हर्नर विलिंग्डनने मधेच थांबवलं आणि टिळक सभेतून उठून बाहेर पडले. गांधीजी त्याच वर्षी खेडा जिल्ह्यात गावोगाव फिरून सैन्यभरती करत होते. म्हणजे त्या वेळच्या आपल्या मोठ्या माणसांनाच हा प्रश्न सरळ वाटत नव्हता, तर गावातल्या वीस वर्षांच्या पोराने सही केली म्हणून त्याला आज आपण इंग्रजांचा माणूस कसं म्हणायचं? आणि बाबा साताऱ्याकडचेच आहेत तर अपशिंगे मिलिटरी त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार, त्या एका गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात गेले, त्यांच्या नावाने तिथे मान दिला जातो आणि आजही घरटी माणूस फौजेत आहे. माणगावला यशवंत घाडगेंचं स्मारक आहे, १९४४ मध्ये इटलीत गेले, वय २२, व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वात मोठं पदक, मिळाला तो मेल्यावर. रायगडच्या लोकांनी त्यांना ब्रिटिशांचा शिपाई म्हणून टाकून दिलं नाही, आपला पोरगा म्हणून जपलं. साम्राज्याला नाही म्हणायचं आणि त्यात गेलेल्या आपल्या माणसाला जवळ घ्यायचं हे दोन्ही एका मनात राहू शकतं, मी तर म्हणेन राहायलाच हवं.

अफूचं मात्र बाबांना सांग की हे ते फूल नाही. अफू येते ती खसखशीची बोंडं वेगळी. हे युरोपात गव्हाच्या शेतात आपोआप उगवणारं लाल रानफूल, कुळ एक असलं तरी याची अफू होत नाही. याचं बी जमिनीत वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं आणि माती उकरली, खालवर झाली, उजेड लागला की उगवतं. फ्रान्स-बेल्जियममध्ये तोफगोळ्यांनी आणि खंदकांनी आणि कबरी खणून माती एवढी उलटीपालटी झाली की जिथे माणसं पुरली तिथेच ही फुलं लाल भडकली. कॅनडाच्या सैन्यातल्या एका डॉक्टरने १९१५ मध्ये त्यावर कविता लिहिली, ती वाचून अमेरिकेतल्या मोइना मायकेल नावाच्या बाईने हे फूल लावायला सुरुवात केली, मग फ्रान्सच्या ॲना गेरँ यांनी उद्ध्वस्त गावांतल्या बायकांकडून कापडाची फुलं करून घेऊन ती देशोदेशी नेली, आणि १९२१ पासून ब्रिटनमध्ये ती विकायला लागले. पुढच्याच वर्षी युद्धात अपंग झालेल्या सैनिकांना हाताला काम म्हणून फुलांचा कारखाना निघाला. म्हणजे सुरुवात कुठल्या सरकारी फतव्याने झालेली नाही, दोन बायकांनी उचलून धरलेली गोष्ट आहे ही. अफूचा राग तसा एकट्या बाबांचा नाही म्हणा, २०१० मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान कॅमेरून हेच फूल लावून चीनला गेले तेव्हा तिथल्या लोकांनी, ब्रिटनने एकोणिसाव्या शतकात चीनवर लादलेल्या अफूच्या युद्धांची आठवण म्हणून ते काढायला सांगितलं होतं अशा बातम्या होत्या, त्यांनी काढलं नाही. चीनचं दुखणं समजण्यासारखंच आहे.

एक गोष्ट मात्र तुला माहीत असायला हवी, डब्यात टाकलेले पैसे रॉयल ब्रिटिश लिजनला जातात, म्हणजे आज हयात असलेले ब्रिटनचे माजी सैनिक आणि त्यांच्या घरच्यांसाठी. त्यात इराक-अफगाणिस्तानात लढलेले पण आले. तुला ते मनापासून चालत असेल तर टाक, नसेल चालत तर त्यासाठी फूल न लावणं हेही प्रामाणिक कारण आहे. बाबांना पैशाचंच खुपत असेल तर तेवढीच रक्कम आपल्या ध्वजदिन निधीला द्या, साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात देता येते, त्यांच्या हातून द्यायला लाव.

ध्वजदिन म्हटल्यावर सासूबाईंकडे येते. ७ डिसेंबरला शाळेत आपण छातीवर छोटा झेंडा टाचायचो, आठवतंय ना? १९४९ पासून चालू आहे ते. सैनिकांसाठी पैसे द्यायचे आणि छातीवर खूण लावायची, पद्धत तीच. त्यामुळे आईंना हे सांगून बघ की हे डोक्यात माळायचं फूल नाही, गजरा नाही, कागदाची खूण आहे, कोटाला टाचायची आणि घरी आलं की कोटाबरोबर खुंटीला टांगायची. त्यांच्या मनातली भीती खोटी नाही, आपल्याकडे फूल माळणं मंगलाचं आणि सुतकात गजरा उतरवतात, त्यांना हे उलटं वाटणारच. त्यांची चेष्टा होऊ देऊ नकोस, विशेषतः नवऱ्याला सांग.

पण त्यांच्याच भाषेत बोलायचं तर आपल्या पंचांगात युद्धात गेलेल्यांचा दिवस कधीपासून आहे. पितृपक्षातली चतुर्दशी, भाद्रपद वद्य चतुर्दशी, शस्त्रादिहत पितृश्राद्ध म्हणून छापलेली असते बघ, ज्यांना शस्त्राने मरण आलं त्यांचं त्या दिवशी, मग ते कुठल्याही तिथीला गेलेले असोत. आणि ज्याची तिथीच माहीत नाही त्याला सर्वपित्री आहेच. तुझ्या पणजोबांची तिथी कोणाला कळली असणार? तार किंवा कागद महिन्यांनी आला असेल. मला तर वाटतं सासूबाईंना विचार, आई, माझ्या पणजोबांचं पान कधी वाढायचं? त्या नक्की सांगतील, आणि त्यानंतर फुलाबद्दल त्यांचा सूर थोडा मऊ होईल. गावाच्या वेशीवर वीरगळ असतात ते पण त्यांनी पाहिलेत, खालच्या पट्टीत लढाई, मधे अप्सरा त्याला वर नेतायत, सगळ्यात वर तो शिवलिंगापुढे बसलेला. आणि वीरगळाला फुलं आपण घालतोच ना.

मैत्रिणीच्या पांढऱ्या फुलाचं थोडक्यात. तेही जुनं आहे, १९३३ मध्ये ब्रिटनमधल्या सहकारी चळवळीतल्या बायकांनी काढलं, त्यात युद्धात नवरे, मुलं गमावलेल्या कितीतरी होत्या. त्यांचं म्हणणं की फक्त आपले सैनिक नाही, सगळ्या देशांचे आणि सैनिक नसलेले पण जे मेले ते सगळे आठवा, आणि पुन्हा युद्ध नको हे ठासून सांगा. मला ते पटतं. पण लाल लावणारा प्रत्येक जण युद्धाचा उदोउदो करतो हे मला पटत नाही, ज्याच्या घरचा माणूस गेला त्याला जाऊन हे सांगता येईल का? दोन्ही लावणारे पण आहेत. जांभळं असतं ते युद्धात मेलेल्या जनावरांसाठी, आणि कुटची ती खेचरं आठवली की तेही बरोबरच वाटतं. फ्रान्समध्ये निळं फूल, ऑस्ट्रेलियात २५ एप्रिलला रोझमेरीची डहाळी. ज्याची त्याची माती.

आणि आपलं? आहे. दिल्लीतली युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन म्हणजे यूएसआय, सैन्याच्या अभ्यासाची जुनी संस्था, त्यांनी अलीकडच्या वर्षांत झेंडू पुढे आणलाय, भारतीय सैनिकांच्या स्मरणाचं फूल म्हणून. कुठेही मिळतो आणि भगवा रंग त्यागाचा. मला हे फार आवडलं कारण झेंडू कोणी शिकवावा लागत नाही, दसऱ्याला शस्त्रांना वाहतो तोच. दिवाळीसाठी तुम्ही तिथे झेंडू आणतच असणार, त्यातलं एक छोटं फूल देठासकट ठेव आणि पॉपीशेजारी टाच. नुसता झेंडू लावलास तरी चालेल. २०१८ मध्ये पहिलं महायुद्ध संपून शंभर वर्षं झाली तेव्हा लिजनने भारतीय सैनिकांच्या आठवणीसाठी खादीची पॉपी पण काढली होती, कोणाकडून मिळाली तर बघ, पण बाबांसमोर खादीची पॉपी घेऊन जाताना आधी ती कशासाठी ते नीट सांग, त्यांना ते खादीचा वापर करून घेतल्यासारखं वाटू शकतं आणि तसं वाटलं तर त्यांचंही चुकणार नाही.

ऑफिसातलं टेन्शन घेऊ नकोस. फूल लावलंच पाहिजे असा कायदा नाही, आणि तिथेही न लावणारे लोक आहेत. जेम्स मॅक्लीन म्हणून उत्तर आयर्लंडच्या डेरीचा फुटबॉलपटू, त्याच्या गावात १९७२ मध्ये ब्रिटिश सैनिकांनी मोर्चातल्या लोकांवर गोळ्या घातल्या म्हणून तो जर्सीवर पॉपी लावत नाही, वर्षानुवर्षं शिव्या खाल्ल्या त्याने पण लावली नाही. त्याच्या गावासाठी त्याचं बरोबर. फक्त सगळ्यांनी लावलंय म्हणून भीतीने लावू नकोस आणि घरात वाद नको म्हणून भीतीने काढू पण नकोस. कोणी विचारलं तर एक वाक्य पुरे, माझे पणजोबा १९१६ ला बसऱ्याकडे गेले, हे त्यांच्यासाठी. (साल सापडेल ते घाल.) बघ किती जण आश्चर्याने बघतात, कारण हिंदुस्थानातून एवढे लोक गेले होते हे तिथल्या बऱ्याच जणांना शाळेत कोणी सांगितलेलंच नसतं.

मुलाच्या शाळेचं काम बाबांवर सोपव. खरंच. त्यांना म्हण, बाबा, नातवाला शाळेत पणजोबांच्या वडिलांबद्दल बोलायचंय, तुम्ही तयारी करून घ्या. त्यात ११ रुपये पगार पण येऊ दे, बसऱ्याच्या दगडावर नाव नसणार हे पण येऊ दे, टिळक उठून गेले ते पण येऊ दे, चौथीतल्या मुलाला हे सगळं कळतं. चकतीचा फोटो मोठा प्रिंट करून दे, मूळ चकती कुरिअरने मागवू नकोस. बाबा स्वतः फूल लावणार नाहीत कदाचित, नको लावू देत, पण त्या पोराला गोष्ट त्यांच्याइतकी चांगली कोणी सांगू शकणार नाही.

जमलं तर सासू-सासऱ्यांना लंडनला हाइड पार्क कॉर्नरजवळचे मेमोरियल गेट्स दाखवून आण, २००२ मध्ये राणीच्या हस्ते उघडले, भारतीय उपखंड, आफ्रिका आणि कॅरिबियनमधून लढायला आलेल्यांसाठी, छत्री आहे, मोहिमांची नावं आहेत. ब्रायटनजवळ टेकडीवर छत्री स्मारक आहे ते माझ्या मनाच्या जास्त जवळचं, तिथल्या लष्करी इस्पितळात गेलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांचं त्या जागी दहन झालं होतं, १९२१ ला छत्री उभी राहिली पण त्या ५३ जणांची नावं दगडात आली ती २०१० मध्ये. पण तिथे गाडी थेट जात नाही, माळावरून बरंच चालावं लागतं, सासूबाईंचे गुडघे बघून ठरव. तू आणि मुलगा दोघंच गेलात तरी चालेल.

आता नाव शोधायचं कसं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या वेबसाइटवर शोध फुकट आहे. चकतीवरचं नाव जसंच्या तसं टाक, आणि नाही आलं तर स्पेलिंग बदलून बदलून टाक, इंग्रज कारकुनाने ऐकलं तसं लिहिलेलं असतं, शिंदेचं काय होईल आणि जाधवचं काय होईल सांगता येत नाही, कधी आडनाव गाळलेलं पण असतं. म्हणून नावापेक्षा पलटणीवरून शोधणं सोपं पडतं. आणि पलटण चकतीवर नसली तरी त्याच पेटीत अजून एखादं छोटं गोल मेडल असेल तर त्याच्या कडेवर बघायला सांग, तोंडावर नाही, कडेवर, जिथे नाण्याला रेघा असतात तिथे. त्या पातळ कडेवर बारीक अक्षरात नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते, मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला की दिसते. मेडल चांदीचं असेल तर ते शिपायाचं, तेच कांस्याचं असेल तर हमाल, खेचरवाले, मजूर तुकड्या यांच्यापैकी कोणाचं असू शकतं, पण विजयाचं पंख असलेल्या बाईचं मेडल सगळ्यांचंच कांस्याचं असायचं, त्यावरून अंदाज बांधू नकोस. एकदा पलटण कळली की वेबसाइटवर ती आणि मेसोपोटेमिया एवढं टाकून यादी काढ, बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो. कोरेगाव आणि सातारा ही दोन्ही नावं वेगवेगळ्या स्पेलिंगने शोध. त्या पलटणीची रोजची युद्ध-डायरी लंडनला क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, म्हणजे जुन्या सरकारी कागदांच्या दफ्तरात, मिळण्याची शक्यता आहे, रेडिंगहून लांब नाही, मृत्यूची तारीख हातात आली की त्या दिवसाचं पान मागव आणि बाबांना बरोबर ने, असली कागदपत्रं वाचायला त्यांच्यासारखा माणूस जवळ हवा.